गुरुत्वाकर्षणाचे सुधारित सिद्धांत आणि विश्वातील रचनांची वाढ

१. प्रास्ताविक

एकाच गणितज्ञाने एकाच स्वरूपाच्या दोन प्रश्नांस एकच उत्तर द्यावे, आणि त्यांपैकी एक उत्तर अचूक ठरून दुसरे सर्वथा चुकावे, असा प्रसंग खगोलशास्त्राच्या इतिहासात घडलेला आहे. युरेनस हा ग्रह गणिताने ठरविलेल्या मार्गापासून किंचित ढळतो असे दिसून आल्यावर फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिए यांनी एका अज्ञात ग्रहाची कल्पना केली. आणि १८४६ साली नेपच्यून हा ग्रह त्यांनी सांगितलेल्या स्थानाच्या अगदी निकट सापडला. पुढे १८५९ साली बुधाच्या कक्षेतील विसंगतीचा विचार करताना त्यांनी तोच मार्ग अनुसरला आणि सूर्यानजीक काही अदृष्ट द्रव्य असले पाहिजे असे प्रतिपादिले. या कल्पित ग्रहास ‘व्हल्कन’ असे नावही मिळाले. परंतु तो कधीच सापडला नाही. बुधाच्या उपसूर्यबिंदूचे शतकास सुमारे ४३ विकला होणारे जे चलन न्यूटनच्या नियमाने उलगडत नव्हते, ते १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून आपोआप निष्पन्न झाले. पहिल्या प्रसंगी द्रव्य अज्ञात होते व नियम बरोबर होता. दुसऱ्या प्रसंगी द्रव्य सर्व ज्ञात होते, नियमच अपुरा होता.

१९९८ मध्ये दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून दोन स्वतंत्र गटांनी असे दाखवून दिले की, विश्वाचे प्रसरण मंदावत नसून ते वेग घेत आहे. सामान्य द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने असे घडणे शक्य नाही. येथेही तेच दोन मार्ग समोर येतात. एक तर विश्वात सर्वत्र पसरलेली, ऋण दाब असलेली अशी काही ‘कृष्ण ऊर्जा’ मानावयाची. आइन्स्टाइन यांचा विश्वस्थिरांक हे तिचे सर्वांत साधे रूप होय. नाही तर, अब्जावधी प्रकाशवर्षांच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियमच निराळा असतो असे मानावयाचे. आपण १८४६ मध्ये उभे आहोत की १८५९ मध्ये, हा तो प्रश्न आहे. केवळ प्रसरणाच्या मोजमापाने या प्रश्नाचा निकाल लागू शकत नाही. तो लागावयाचा असेल तर दीर्घिका व दीर्घिकासमूह ही विश्वातील रचना कोणत्या गतीने वाढत गेली, हे पाहावे लागते. असे का, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

२. वाढीचे समीकरण

विश्वातील पार्श्वभूमीच्या सूक्ष्मतरंग प्रारणाच्या तपमानात दिशेगणिक जे फरक आढळतात ते सुमारे एक लक्षांश इतके अल्प आहेत. १९९२ मध्ये कोबे या उपग्रहाने ते प्रथम दाखविले. विश्वाचे वय सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना द्रव्य किती समप्रमाणात पसरलेले होते, याची ती साक्ष होय. आज मात्र दीर्घिकासमूहांतील घनता सरासरीच्या शेकडो पट आढळते. या दोन अवस्थांमधील अंतर गुरुत्वाकर्षणाने भरून काढले आहे.

प्रक्रिया समजण्यास सोपी आहे. एखाद्या प्रदेशाची घनता भोवतालापेक्षा किंचित अधिक असली की तो प्रदेश आसपासचे द्रव्य आपणाकडे ओढतो आणि अधिक घन होतो. स्थिर माध्यमात ही वाढ घातांकी असते, हे जीन्स यांनी १९०२ मध्ये दाखविले. परंतु विश्व स्थिर नाही. प्रसरणामुळे द्रव्य पांगत असते आणि वाढीस एक प्रकारचा अवरोध होतो. प्रसरणशील विश्वातील वाढीचा प्रश्न लिफशिट्झ यांनी १९४६ मध्ये व्यापक सापेक्षतेच्या आधारे सोडविला. त्यांच्या विवेचनाचा आपणास लागणारा भाग पुढील समीकरणात मांडता येतो:

घ″ + २ ह घ′ = ४ पाय ग द घ

येथे ‘घ’ म्हणजे एखाद्या प्रदेशातील घनतेचे सरासरीवरील सापेक्ष आधिक्य. ‘ह’ म्हणजे त्या त्या काळचा हबल प्रसरणदर. ‘ग’ हा गुरुत्वस्थिरांक. ‘द’ ही द्रव्याची सरासरी घनता. ‘पाय’ म्हणजे वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी गुणोत्तर. आणि शिरोभागीच्या खुणा कालसापेक्ष अवकलज दर्शवितात. डाव्या बाजूचे दुसरे पद हा प्रसरणाचा अवरोध. उजवी बाजू म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ. रचनांची वाढ ही या दोहोंमधील रस्सीखेच होय.

विश्वात केवळ दाबरहित द्रव्यच असेल तर या समीकरणाची उकल फार सुबक येते: घनताधिक्य हे विश्वाच्या मापगुणकाच्या समप्रमाणात वाढते. विश्व दसपट विस्तारले की घनताधिक्यही दसपट होते. या साध्या निष्कर्षातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सूक्ष्मतरंग प्रारण मुक्त झाल्यापासून विश्व सुमारे १,१०० पट विस्तारले आहे. तेव्हाचे आधिक्य लक्षांशाच्या आसपास असेल, तर ते आज फार तर शतांशाच्या आसपास यावे; मग दीर्घिका घडल्या कशा? प्रारणाशी निगडित नसलेले, आणि म्हणून त्याच्या आधीपासूनच एकत्र येऊ लागलेले कृष्ण द्रव्य विश्वात आहे, या मताचा हा एक प्रमुख आधार आहे. वाढीचे गणित हे विश्वातील घटकांची किती कठोर परीक्षा घेऊ शकते, हे यावरून ध्यानात येईल.

३. प्रसरणाचा इतिहास अपुरा का पडतो

वरील समीकरणाकडे पुन्हा पाहिल्यास असे दिसेल की, त्यात प्रसरण आणि गुरुत्वाकर्षण ही दोन स्वतंत्र ठिकाणी आलेली आहेत. अतिदीप्त नवतारे, दीर्घिकांच्या वितरणातील ध्वनितरंगांचे ठसे इत्यादी साधनांनी आपण ‘ह’ ही राशी काळानुसार कशी बदलत गेली एवढेच मोजतो. परंतु प्रसरणाचा कोणताही इतिहास दिला असता, तो तंतोतंत उत्पन्न करणारी कृष्ण ऊर्जा जशी कल्पिता येते, तसाच तो तंतोतंत उत्पन्न करणारा सुधारित गुरुत्वसिद्धांतही रचता येतो. पहिल्या प्रकारात कृष्ण ऊर्जेचा दाब काळानुसार हवा तसा निवडता येतो. दुसऱ्या प्रकारात गुरुत्वाच्या समीकरणातील फलन हवे तसे निवडता येते. दोन्हीकडे एक संपूर्ण फलन मोकळे असल्यामुळे एका फलनाच्या मोजमापाने त्यांत निवड करता येणे संभवनीय नाही.

तथापि एकदा ‘ह’ निश्चित झाला की व्यापक सापेक्षतेस पुढे मोकळीक उरत नाही. कृष्ण ऊर्जा स्वतः गोळा होत नाही आणि द्रव्याशी अन्य संबंध ठेवीत नाही असे मानल्यास, वाढीच्या समीकरणातील सर्व राशी ठरलेल्या असतात. वाढीचा दर म्हणजे मापगुणक एक टक्क्याने वाढला असता घनताधिक्य किती टक्क्यांनी वाढते ती संख्या. व्यापक सापेक्षतेनुसार हा दर, द्रव्याच्या घनतेच्या अंशाचा ०.५५ हा घात घेतल्यास, पुष्कळ सूक्ष्मतेने मिळतो. आज द्रव्याचा अंश सुमारे ०.३१५ आहे असे प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणावरून दिसते. त्यावरून आजचा दर ०.५३ येतो. म्हणजे केवळ द्रव्याने भरलेल्या विश्वात जी वाढ १ टक्का झाली असती, ती आता जवळजवळ निम्म्यावर आली आहे. हे भाकीत मोजमापाशी जुळले नाही, तर चूक कृष्ण ऊर्जेच्या प्रमाणात नसून नियमात आहे असा संशय घेण्यास जागा होते. यातच या कसोटीचे सामर्थ्य आहे.

४. दोन विभव आणि दोन मोजमापे

न्यूटनच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षणाचा एकच विभव असतो. व्यापक सापेक्षतेत, अल्प क्षोभांपुरते पाहिले तरी, दोन विभव येतात. एक विभव कालाच्या गतीत फरक पाडतो. मंदगती वस्तूंची, म्हणजेच दीर्घिकांची, हालचाल यावर अवलंबून असते. दुसरा विभव अवकाशाची वक्रता दर्शवितो. प्रकाशकिरण मात्र या दोहोंच्या बेरजेने वळतात. सूर्याजवळून जाणाऱ्या प्रकाशाचे विचलन न्यूटनच्या नियमावरून काढलेल्या मानाच्या दुप्पट येते, ते याच कारणाने. व्यापक सापेक्षतेनुसार आजच्या विश्वात हे दोन विभव समान असतात. बहुतेक सुधारित सिद्धांतांत ते समान राहत नाहीत.

म्हणून एखाद्या विशिष्ट सिद्धांताचा पक्ष न घेता हा प्रश्न तपासावयाचा असल्यास दोन प्रचल पुरेसे होतात. पहिला प्रचल द्रव्याच्या हालचालीस जाणवणारे गुरुत्व हे नेहमीच्या किती पट आहे ते सांगतो. यास आपण ‘गतिगुणक’ म्हणू. दुसरा प्रकाशास जाणवणारे गुरुत्व किती पट आहे ते सांगतो. यास ‘प्रकाशगुणक’ म्हणू. व्यापक सापेक्षतेत दोन्ही सर्वकाळ व सर्व अंतरांवर १ असतात. वाढीच्या समीकरणात उजव्या बाजूस गतिगुणकाने गुणले की सुधारित सिद्धांतातील वाढीचे समीकरण मिळते. दीर्घिकांच्या गतीवरून पहिला गुणक आणि गुरुत्वीय भिंगाच्या परिणामावरून दुसरा गुणक मोजावयाचा, असा हा विभागलेला कार्यक्रम आहे.

५. एक उदाहरण: वक्रताफलनाचा सिद्धांत

गुरुत्वाच्या नियमात फेरफार करण्याची कल्पना नवी नाही. ब्रान्स व डिकी यांनी १९६१ मध्ये गुरुत्वस्थिरांकाच्या जागी एक अदिश क्षेत्र योजिले. फ्रेड हॉईल आणि कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये माख यांच्या तत्त्वावर आधारलेला आपला गुरुत्वसिद्धांत मांडला. आजच्या चर्चेत मात्र सर्वाधिक अभ्यासिलेले उदाहरण आहे ते वक्रताफलनाच्या सिद्धांताचे. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांच्या मुळाशी अवकाश-कालाची वक्रता ही राशी एकघाती रूपात असते. तिच्या जागी वक्रतेचे एखादे सामान्य फलन घालावयाचे, एवढाच हा फेरफार. स्टारोबिन्स्की यांनी १९८० मध्ये आद्य विश्वाच्या संदर्भात याचा उपयोग केला. २००७ मध्ये हू व साविकी यांनी, आणि त्याच वर्षी स्टारोबिन्स्की यांनीही, आजच्या वेगवान प्रसरणास अनुरूप अशी फलने सुचविली.

या फेरफाराचा भौतिक अर्थ असा की, गुरुत्वास एक नवे अदिश क्षेत्र येऊन मिळते आणि द्रव्याच्या कणांमध्ये एक अधिकचे आकर्षण उत्पन्न होते. या आकर्षणास मर्यादित पल्ला असतो. पल्ल्याच्या पलीकडे गतिगुणक १ राहतो. पल्ल्याच्या पुष्कळ आत तो ४/३ होतो. म्हणजे लहान अंतरांवर गुरुत्व एकतृतीयांशाने वाढते. हा एकतृतीयांश कोणत्याही फलनाच्या निवडीवर अवलंबून नाही, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

याचा वाढीवर काय परिणाम होतो? केवळ द्रव्याने भरलेल्या विश्वात घनताधिक्य मापगुणकाच्या एका घाताप्रमाणे वाढते असे धरून उकल काढल्यास तो घात असा येतो: गतिगुणकाची २४ पट घेऊन त्यात १ मिळवावा, त्याचे वर्गमूळ काढावे, त्यातून १ वजा करावा आणि ४ ने भागावे. गतिगुणक १ असता वर्गमूळ २५ चे, म्हणजे ५ येते आणि घात १ होतो. हा आपला पूर्वीचाच निष्कर्ष. गतिगुणक ४/३ असता वर्गमूळ ३३ चे येते आणि घात सुमारे १.१९ होतो. विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. फरक अल्प वाटतो. परंतु विश्व दसपट विस्तारेपर्यंत जेथे घनताधिक्य १० पट झाले असते, तेथे ते सुमारे १५ पट होते. लहान फेरफार दीर्घकाळ साचत गेला की त्याचे मोठे माप होते, आणि विश्वाच्या रचनेत हा संचय आपणास आयताच लाभतो.

याच सिद्धांतात प्रकाशगुणक मात्र १ च्या अगदी निकट राहतो. नवे क्षेत्र द्रव्याच्या ऊर्जा-संवेग प्रदिशाच्या कर्णावरील पदांच्या बेरजेशी निगडित असते, आणि प्रकाशाच्या बाबतीत ही बेरीज शून्य असते. त्यामुळे प्रकाशास हे आकर्षण थेट जाणवतच नाही. एकाच समूहाचे वस्तुमान दीर्घिकांच्या गतीवरून काढल्यास अधिक आणि भिंगपरिणामावरून काढल्यास कमी यावे, असे एक स्पष्ट भाकीत यातून निघते.

६. सूर्यमालेची अट आणि आच्छादन

येथे कोणीही विचारील की, गुरुत्व एकतृतीयांशाने वाढले असते तर ग्रहांच्या गतीत ते केव्हाच दिसले नसते काय? आक्षेप रास्त आहे. कॅसिनी यानाकडून येणाऱ्या रेडिओतरंगांच्या साह्याने प्रसिद्ध झालेल्या २००३ च्या निष्कर्षानुसार, सूर्याच्या परिसरात वर सांगितलेले दोन विभव काही लक्षांशांच्या मर्यादेत समान आहेत. म्हणून कोणत्याही सुधारित सिद्धांतास सूर्यमालेत आपला प्रभाव लपविण्याची काही व्यवस्था असावी लागते. तीस आपण आच्छादन म्हणू.

वक्रताफलनाच्या सिद्धांतात ही व्यवस्था सरड्यासारखी आहे. सरडा जसा परिसराप्रमाणे रंग बदलतो, तसे हे क्षेत्र भोवतालच्या घनतेप्रमाणे आपला पल्ला बदलते. खूरी व वेल्टमन यांनी २००४ मध्ये ही कल्पना मांडली. घन प्रदेशात पल्ला अत्यंत आखूड होतो आणि अधिकचे आकर्षण जवळजवळ नाहीसे होते. विरळ प्रदेशात ते मोकळे राहते. एखादी वस्तू आच्छादित होईल की नाही, हे तिच्या गुरुत्वविभवाची खोली आणि विश्वातील त्या क्षेत्राचे आजचे मान यांच्या तुलनेवर ठरते. सूर्याच्या पृष्ठभागी ही खोली, प्रकाशवेगाच्या वर्गाच्या परिमाणात, सुमारे २ दशलक्षांश आहे. मोठ्या दीर्घिकासमूहांत ती लक्षांशाच्या आसपास असते. क्षेत्राचे आजचे मान याहून बरेच मोठे असते, तर आच्छादन कोठेच झाले नसते. क्षेत्राचे मान एक लक्षांश घेतल्यास त्याचा पल्ला काही कोटी प्रकाशवर्षांचा येतो. म्हणजे वाढीवरील परिणाम पाहावयाचा तो याच अंतरांवर.

दुसरी एक व्यवस्था वाइनश्टाइन यांच्या १९७२ च्या विवेचनात आढळते. तीत क्षेत्राच्या अरेषीय पदांमुळे मोठ्या वस्तुमानाभोवती बऱ्याच अंतरापर्यंत नवे आकर्षण दबून राहते. २००० साली द्वाली, गबादाद्झे व पोराती यांनी मांडलेला पंचमितीय सिद्धांत या वर्गात मोडतो. या सिद्धांतानुसार द्रव्य चतुर्मितीय पटलास जखडलेले असते, परंतु गुरुत्व फार मोठ्या अंतरांवर पाचव्या मितीत झिरपते. यातून कृष्ण ऊर्जेशिवाय वेगवान प्रसरण मिळते, हे त्याचे आकर्षण होते. परंतु त्याच शाखेत गतिगुणक १ हून कमी येतो आणि वाढ मंदावते. वर सांगितलेला ०.५५ हा घातांक सुमारे ०.६८ होतो. द्रव्याचा अंश ०.३१५ धरल्यास वाढीचा दर ०.५३ ऐवजी ०.४६ येतो. एका सुधारित सिद्धांतात वाढ जलद होते, तर दुसऱ्यात मंद. ‘सुधारित गुरुत्व’ म्हणजे ‘अधिक गुरुत्व’ असा समज करून घेऊ नये, हे यावरून दिसून येईल. या शाखेत ऋण गतिज ऊर्जेचा तात्त्विक दोष आढळला, आणि निरीक्षणांशीही तिचा मेळ बसला नाही. त्यामुळे ती आज त्याज्य मानली जाते.

७. निरीक्षणांचा कौल

वाढीचा दर मोजण्याचा प्रमुख मार्ग कायझर यांनी १९८७ मध्ये दाखविला. दीर्घिकेचे अंतर आपण तिच्या ताम्रसृतीवरून काढतो. परंतु ताम्रसृतीत प्रसरणाबरोबरच दीर्घिकेच्या स्वतःच्या गतीचाही वाटा असतो. घन प्रदेशाकडे ओढल्या जाणाऱ्या दीर्घिकांमुळे तो प्रदेश दृष्टिरेषेच्या दिशेने चपटा झाल्यासारखा भासतो. हा चपटेपणा मोजला की द्रव्य किती वेगाने गोळा होत आहे ते कळते. २००८ मध्ये गुझो व त्यांचे सहकारी यांनी सुमारे ०.८ ताम्रसृतीवर वाढीचा दर ०.९१ असल्याचे प्रसिद्ध केले. पण त्यातील संभाव्य त्रुटी ०.३६ इतकी मोठी होती. मार्ग खुला झाला, परंतु निवाडा झाला नाही.

भिंगपरिणाम आणि गती यांची सांगड घालणारी एक कसोटी झांग व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये सुचविली. दीर्घिका द्रव्याच्या वितरणाचे तंतोतंत अनुकरण करीत नाहीत, ही या क्षेत्रातील जुनी अडचण आहे. या कसोटीत दोन मोजमापांचे असे गुणोत्तर घेतले जाते की ही अडचण अंश व छेद यांतून निघून जाते. रेयेस व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये सुमारे ०.३२ ताम्रसृतीवर हे गुणोत्तर ०.३९ असे मोजले, त्रुटी ०.०६ होती. व्यापक सापेक्षतेचे भाकीत सुमारे ०.४ होते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी एका निराळ्याच दिशेने प्रकाश पडला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेले गुरुत्वतरंग आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पोहोचले. त्यावरून गुरुत्वतरंगांचा व प्रकाशाचा वेग यांतील फरक, १ वर १५ शून्ये मांडून होणाऱ्या संख्येत काही भागांहून अधिक नाही, असे ठरले. ज्या सिद्धांतांत आजचे वेगवान प्रसरण साधण्यासाठी गुरुत्वतरंगांचा वेग बदलावा लागत होता, असे पुष्कळ सिद्धांत एका दिवसात बाद झाले. वक्रताफलनाच्या सिद्धांतात हा वेग प्रकाशाइतकाच असतो. त्यामुळे तो या परीक्षेतून सुटला. त्याचा निकाल वाढीच्याच कसोटीवर लागावयाचा होता. दीर्घिकासमूहांची संख्या वाढीच्या बाबतीत फार संवेदनशील असते. कारण समूह हे घनतेच्या अत्युच्च शिखरांपासून बनतात आणि वाढ थोडी जलद झाली तरी त्यांची संख्या पुष्कळ वाढते. समूहांच्या गणनेवरून नव्या क्षेत्राचे आजचे मान लक्षांशाच्या आसपास वा त्याहून कमी असले पाहिजे असे दिसून आले आहे. इतक्या लहान मानास हा सिद्धांत प्रसरणाच्या दृष्टीने विश्वस्थिरांकापासून जवळजवळ वेगळा ओळखूच येत नाही.

कौल सर्वस्वी एकतर्फी होता असे मात्र नाही. सुमारे ३.९ कोटी प्रकाशवर्षे त्रिज्येच्या गोलांतील घनतेचे चढउतार आणि द्रव्याचा अंश यांवरून रचनांच्या ठळकपणाचा एक निर्देशांक काढतात. प्लांकच्या मोजमापावरून हा निर्देशांक ०.८३२ अपेक्षित होता. भिंगपरिणामाच्या किड्स या सर्वेक्षणात २०२० साली तो ०.७५९ आढळला, तर डेस या सर्वेक्षणात २०२१ साली ०.७७६. रचना अपेक्षेहून कमी वाढल्या आहेत असा याचा अर्थ होत होता, आणि गुरुत्वाच्या नियमात फेरफार हवा असे काहींस वाटू लागले. परंतु २०२५ मध्ये किड्स सर्वेक्षणाच्या संपूर्ण सामग्रीवरून हा निर्देशांक ०.८१५ आला आणि तेथील विसंगती बव्हंशी मावळली. अधिक सामग्री व दीर्घिकांच्या अंतरांचा अधिक चांगला अंदाज, एवढ्यानेच हा बदल घडला. नियमावर बोट ठेवण्यापूर्वी मोजमापाची झडती घ्यावी, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात किट पीक येथील चार मीटर दुर्बिणीवर बसविलेल्या डेसी या उपकरणाच्या सामग्रीवरून २०२४ च्या अखेरीस गतिगुणक व प्रकाशगुणक या दोहोंची तपासणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गुणक त्रुटीच्या मर्यादेत १ शी सुसंगत आढळले. मात्र प्रकाशगुणकापेक्षा गतिगुणकाची त्रुटी बरीच मोठी आहे, हे विसरून चालणार नाही.

८. मर्यादा

या कसोटीच्या मार्गात तीन अडथळे आहेत. पहिला न्यूट्रिनोंचा. त्यांना अल्प का होईना वस्तुमान असते, आणि त्यांच्या वेगामुळे लहान अंतरांवरील वाढ मंदावते. वक्रताफलनाचे आकर्षण त्याच अंतरांवर वाढ जलद करते. दोन्ही परिणाम एकमेकांस झाकू शकतात. दुसरा अडथळा दीर्घिकांच्या केंद्रांतून होणाऱ्या प्रचंड ऊर्जोत्सर्जनाचा. त्यामुळे वायू बाहेर फेकला जातो आणि लहान अंतरांवरील द्रव्याचे वितरण बदलते. तिसरा अडथळा तात्त्विक आहे. आइन्स्टाइन यांच्या समीकरणातील डाव्या बाजूचे पद उजवीकडे नेले की ‘सुधारित नियम’ हाच ‘विलक्षण द्रव्य’ बनतो. गोळा होणारी व दिशेगणिक निरनिराळा ताण धारण करणारी कृष्ण ऊर्जा मानण्याची तयारी असेल, तर वाढीचे कोणतेही मोजमाप तिच्याद्वारे समजावून सांगता येईल. म्हणून वाढीची कसोटी निर्णायक आहे असे म्हणताना, कृष्ण ऊर्जा साधी असावी हे गृहीत तिच्यात अंतर्भूत आहे, याचे भान ठेवले पाहिजे.

९. समारोप

व्यापक सापेक्षतेची पहिली परीक्षा सूर्यमालेत झाली. तेथून विश्वाच्या क्षितिजापर्यंतचे अंतर सुमारे पंधरा घातांकांचे आहे. आणि तेवढ्या पल्ल्यावर एकच नियम लागू पडतो, असे आपण बराच काळ केवळ मानून चाललो होतो. रचनांच्या वाढीचा अभ्यास हे गृहीत तपासणीच्या कक्षेत आणतो. आतापर्यंतचे उत्तर असे की, तपासणी जेथवर पोहोचली आहे तेथवर नियम टिकला आहे. परंतु २०२५ च्या मार्चमध्ये डेसीच्या प्रसरणविषयक मोजमापांवरून, विश्वस्थिरांक खरोखरच स्थिर आहे की नाही याविषयी शंका व्यक्त झाली आहे. ती पुराव्याच्या पदवीस अद्याप पोहोचलेली नाही. तथापि ती खरी ठरल्यास, बदलते ते द्रव्य की नियम, हा प्रश्न अधिकच निकडीचा होईल, आणि त्याचे उत्तर प्रसरणात नव्हे तर वाढीतच शोधावे लागेल. २०२३ च्या जुलैत प्रक्षेपित झालेली यूक्लिड दुर्बीण, तसेच चिली देशातील रुबिन वेधशाळा, यांची योजना करताना हाच हेतू मुख्यत्वे समोर होता.

ल व्हेरिए यांची दुसऱ्या प्रसंगी चूक झाली, ती त्यांचे गणित चुकले म्हणून नव्हे. बुधाची विसंगती त्यांनी बरोबर मोजली होती. पण द्रव्य आणि नियम यांत निवड करण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. आपणापाशी ते साधन आहे. त्याचा उपयोग करताना घाई न करणे आणि विसंगतीस न घाबरणे, ही दोन्ही पथ्ये पाळणे हे आता आपल्या हाती आहे.